गुरुवारच्या खोलीत गायलेला धवला

सन्माननीय अध्यक्ष डॉ. अविनाश दातार, प्रमुख पाहुणे आणि आपल्या मुलांचे मुख्याध्यापक विनायकराव गद्रे सर, चौतीस वर्षांत पहिल्यांदाच या इमारतीत कुणी बसायला खुर्ची दिली म्हणून अवघडलेल्या सत्कारमूर्ती गोदूताई घरत, विश्वस्त मंडळातील ज्येष्ठ मंडळी, डॉक्टर, परिचारिका, मावश्या, नवीन पनवेलच्या वसाहतींतून आलेले रसिक आणि सुकापूर, कळंबोली, चिरनेर इथून वाट वाकडी करून आलेले ग्रामस्थ बंधुभगिनींनो,

मी गेली बावीस वर्षं पनवेलमध्ये साप्ताहिक चालवतो. अंक शुक्रवारी सकाळी सातला निघतो. आज शुक्रवारच आहे, आणि बातमी आली साडेअकराला. त्यामुळे ती छापील नाही, तोंडी ऐकावी लागेल. बातमी अशी आहे. चिरनेरच्या धर्मराज पाटलांच्या मुलीचं लग्न परवा, रविवारी आहे. त्या लग्नात धवला गाण्यासाठी पाटलांनी तीन आठवड्यांपूर्वी सुकापूरच्या शकूबाई म्हात्रे यांच्या घरी नारळ पाठवला होता. तो नारळ तीन आठवडे कोनाड्यात पडून होता. आज सकाळी साडेअकरा वाजता शकूबाईंनी तो हातात घेतला, म्हणजे गायचं कबूल केलं. या बातमीला शकूबाईंनी स्वतः दुजोरा दिला आहे. धर्मराज पाटलांना मी फोन करून वेगळं विचारलं, त्यांनीही दिला आहे. दोघांना का विचारलं, ते पुढे कळेल.

नवीन पनवेलच्या मंडळींना यात बातमी कुठे आहे, असं वाटेल. म्हणून थोडं सांगतो. आमच्या पनवेल-उरणच्या आगरी घरांत लग्न लावायला नुसते मंत्र पुरत नाहीत. धवलारीण लागते. ती मांडवात बसते आणि एकेका विधीबरोबर धवले गाते. तासन्‌तास गाते. तिच्या हातात पोथी नसते. शकूबाईंच्या सासूबाई मोठ्या धवलारीण होत्या आणि त्यांनी सुनेला एक शिकवण दिली होती. धवला सुरू झाला की मध्ये तोडायचा नाही. धवलारीण मध्येच उठली तर त्या घराला बरं नाही.

शकूबाईंनी एकोणीस वर्षांत एकाही मांडवात गायलेलं नाही. का गायलं नाही, ते सांगायला मी उभा आहे. गोदूताईंच्या निरोपाच्या दिवशी यापेक्षा योग्य दुसरी गोष्ट मला सुचली नाही.

आता विषयाचं नाव सरळ घेतो. मोठ्या माणसाला किंवा मुलाला शौचावर ताबा न राहणं, हा आजचा विषय आहे. समारंभ समितीच्या नीताताईंना मी हे दुपारी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, नंतर जेवण आहे!" मी म्हटलं, "ताई, जेवणानंतर सांगू का?" त्या म्हणाल्या, "नको नको, आधीच आटपा." तर आधीच आटपतो. नीताताई हसताहेत, म्हणजे परवानगी कायम आहे असं धरतो.

आणि आणखी एक परवानगी. शकूबाई चौथ्या रांगेत बसल्या आहेत. मी त्यांच्याबद्दल जे बोलणार आहे, ते त्यांनीच मला बोलायला लावलं आहे. त्यांच्या नातवाचं नाव मात्र मी घेणार नाही. तो अकरा वर्षांचा आहे. आपलं नाव कुठे यावं, हे ठरवायला त्याच्यापाशी पुष्कळ वर्षं आहेत.

पहिल्यांदा माझी चूक सांगतो. एकोणीसशे सत्त्याहत्तर साली माझ्या अंकात चार ओळी आल्या. 'सुप्रसिद्ध धवलारीण शकूबाई म्हात्रे यांचा गळा कायमचा गेला असून त्या यापुढे गाऊ शकणार नाहीत.' ही बातमी मला त्यांच्या एका दिरांनी एसटी स्टँडवर सांगितली. एक माणूस, एक वाक्य, आणि पान तीनवर चार ओळींची जागा रिकामी. मी शकूबाईंच्या घरी गेलो नाही. सुकापूर काही काशी नव्हे. सायकलवर वीस मिनिटं. पण अंक बंद व्हायची वेळ झाली होती.

त्या चार ओळींनी काय केलं, ते मला एकोणीस वर्षांनी कळलं. घरोघरून ज्येष्ठमध आलं, काढे आले. पेणहून एक वैद्य आले, त्यांनी गळ्याला लेप लावला. बाई निमूट बसून राहिल्या. कारण त्यांच्या गळ्याला काहीही झालेलं नव्हतं, आणि जे झालं होतं ते सांगण्यापेक्षा लेप बरा होता.

आता गोदूताईंकडे येतो. ताई, मान खाली घालू नका, फोटोग्राफरची पंचाईत होते.

गोदूताई बासष्ट साली या रुग्णालयात आल्या, तेव्हा इथे बारा खाटा होत्या. त्यांनी हजारो बाळंतपणं केली, हे मागच्या तीन वक्त्यांनी सांगितलं. मी त्यांच्या गुरुवारच्या खोलीबद्दल सांगणार आहे. या खोलीवर पाटी नाही. ड्रेसिंगच्या खोलीला लागून आहे, बाहेरचं बाकडं एकच. त्यामुळे बाकड्यावर बसलेला माणूस टाके काढायला आलाय की दुसऱ्या कशाला, हे शेजाऱ्याला कळत नाही. केसपेपरवर ताई एकच शब्द लिहितात, 'पोट'. आणि आत आलेल्या माणसाला त्या कधीही विचारत नाहीत की तुम्हाला ताबा राहतो का. डॉक्टर मंडळी तसं विचारत आणि मंडळी 'राहतो' म्हणून घरी जात. ताई विचारतात, "तुम्ही कुठं कुठं जायचं सोडलंत?"

काय प्रश्न आहे पाहा! मी आयुष्यभर लोकांना प्रश्न विचारून पोट भरलं. पण हा प्रश्न मला कधी सुचला नसता. माणसं धडाधड सांगायला लागतात. एसटीनं जायचं सोडलं. बहिणीकडे मुक्कामाला जायचं सोडलं. देवळात सोडलं, बारशाला सोडलं. एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, "कुठंच नाही सोडलं. फक्त दाराजवळची खुर्ची धरतो." त्यांना पंचवीस वर्षांचा मधुमेह होता आणि त्यानं तिथल्या नसा बोथट झाल्या होत्या. ते आज सभागृहात आहेत. तिसऱ्या-चौथ्या रांगेत कुठेतरी, अगदी मध्यभागी. मी तिकडे पाहणार नाही, तुम्हीही पाहू नका.

अर्धांगवायूनंतर आलेला एक शेतकरी होता. घरच्यांनी त्याची खाट पडवीत टाकली होती. मूळव्याध-भगंदराच्या शस्त्रक्रियेनंतर स्नायू दुखावलेले होते. जुनाट जुलाबाचे होते. वयानं स्नायू सैल पडलेल्या आज्या होत्या. आणि सगळ्यांत जास्त, ताईंच्या हिशेबी, बाळंतपणात फाटलेल्या आणि कुणी नीट न शिवलेल्या बायका. त्या बायकांना वाटायचं, मुलं झाली की असं असतंच. शेजारणीलाही असंच असेल, पण विचारायचं कसं?

डॉ. दातारांना मी एकदा विचारलं होतं की, डॉक्टर, ही यंत्रणा आहे तरी कशी? त्यांनी मला कागदावर दोन कडी काढून दाखवली. एकात एक. आतलं कडं आपल्याला न विचारता आवळलेलं असतं. आपण झोपतो तेव्हाही. बाहेरचं आपल्या हुकमाचं. आणि त्या दोन बोटं लांबीच्या जागेतलं अस्तर इतकं जाणतं असतं की खाली आलेलं आहे ते वारा आहे, पाणी आहे की घट्ट, हे त्याला अंधारात कळतं. डॉक्टर म्हणाले, "असं काम करणारं यंत्र अजून कुठल्या कारखान्यात तयार झालेलं नाही." मंडळी, आपण ताजमहालाला जाऊन तोंडात बोट घालतो. हे आपल्याबरोबर जन्मापासून आहे आणि त्याचं नावसुद्धा आपण चारचौघांत घेत नाही.

असो. आता त्र्याण्णव सालातला एक गुरुवार. सुकापूरची मनिषा म्हात्रे आपल्या आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आली. ही शकूबाईंची थोरली सून; पुढचं सगळं तिनंच मला सांगितलं. मनिषा एका कार्यालयात नोकरीला, दर गुरुवारी अर्धी रजा काढणं तिला जड. तिनं धडाधड सांगितलं, "सिस्टर, जुलाब थांबतच नाहीत. दिवसातून चार वेळा चड्डी खराब. साबुदाणा झाला, पेज झाली, बंद व्हायचं औषध झालं. शाळेतून चिठ्ठी आलीय. त्याचे पप्पा म्हणतात मुद्दाम करतो. परवा मारलंसुद्धा."

ताईंनी पोराला टेबलावर निजवलं आणि पोटावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग आपल्या चिरनेरच्या भाषेत म्हणाल्या, "मनिषा, हो जुलाब नाय गो. पोट गच्च भरलाय ह्याचा. खरा तो आत आडून बसलाय, आनि पातल तेवडा बाजूनं पाझरतंय. तुमी बंद व्हायचा औषध देताय, तो आजून कोंडतंय."

डॉ. दातारांनी तपासलं आणि तेच सांगितलं. मुलांमध्ये हेच सर्वांत जास्त आढळतं, असं ते म्हणाले. जन्मतःच मणक्यात किंवा त्या जागेत दोष असलेली मुलं थोडी असतात, ती वेगळी ओळखावी लागतात. बाकीची बहुतेक मुलं कोंडून धरणारी. कोंडलं की घट्ट होतं, घट्ट झालं की दुखतं, दुखतं म्हणून पोर आणखी कोंडतं. आतडं ताणून ताणून इतकं सैल होतं की भरल्याची जाणीवच मेंदूपर्यंत पोचत नाही. मग जे पाझरतं ते मुलाला कळतसुद्धा नाही. मुद्दाम करणं तर दूरच.

मनिषा रडायला लागली. ताई तिला म्हणाल्या, "आता रडू नको. घरी जाऊन नवऱ्याला सांग. त्याला रडू दे."

पण पोरानं कोंडायला सुरुवात का केली? ताईंनी त्यालाच विचारलं, "शाळेत जातोस का रे संडासला?"

"नाय."

"का?"

पोरानं करंगळी वर केली. म्हणाला, "एकीला हे बोट आहे. दुसरीला बोटच नाही. बाई म्हणतात, मोठ्यानं सांग कशाला जायचंय. मग सगळी हसतात. मग बाई म्हणतात, घरून करून यायला काय झालं?"

आपण सगळे त्या वर्गात बसलेलो आहोत. आपल्यापैकी कुणाला हे सुचलं होतं? पिढ्यान्‌पिढ्या आपण करंगळी वर करत आलो, आणि दुसऱ्या गोष्टीसाठी आपल्यापाशी खूणच नाही. ज्याला पोट आहे त्यानं काय करायचं?

दुसऱ्या दिवशी गोदूताई गणवेशातच गद्रे सरांच्या कार्यालयात हजर. गद्रे सर, हा प्रसंग तुम्हीच मला सांगितला आहे, म्हणून तुमच्या समोर सांगतो. सर म्हणाले, "सिस्टर, शिस्त म्हणून काही असतं. मुलं उनाडायला जातात."

ताई म्हणाल्या, "सर, तुमी दिवसातून जाता का नाय?"

"सिस्टर!"

"जाता ना? कोनाला इचारून जाता?"

सर सांगतात की त्यांनी शिपायाला बोलावून संडास दिवसभर उघडा ठेवायला सांगितलं. त्याला कुलूप असतं, हे त्यांना स्वतःलाही तेव्हाच कळलं. चौथ्या दिवशी प्रत्येक वर्गाच्या दारामागे एका खिळ्याला एक लाकडी पट्टी लटकली. ज्याला जायचं त्यानं पट्टी उचलायची, जायचं, परत आणून लावायची. बाईंना विचारायचं नाही. सर, या पट्टीबद्दल तुमचाही आज सत्कार व्हायला हवा होता. टाळ्या वाजवा की!

पोराचं औषधपाणी सोपं होतं, फक्त लांबलचक होतं. आधी चार दिवस दाखल करून पोट पूर्ण मोकळं केलं. मग रोज रात्री मऊ करणारं औषध. दोन्ही जेवणांनंतर दहा मिनिटं शांतपणे बसायचं, बाहेरून कुणी दार ठोठावायचं नाही, चड्डी खराब झाली तर ओरडायचं नाही. एक वही करायची. पोराच्या आजोबांचं पूर्वी मिठागर होतं, म्हणून ज्या दिवशी नीट झालं त्या दिवशी पोरगा वहीत मिठाची एक रास काढायचा. सहा आठवड्यांत पान राशींनी भरलं. घरच्यांना वाटलं, झालं बरं. औषध बंद केलं. महिन्याभरात सगळं पहिल्यासारखं. ताईंनी तेव्हा मनिषाच्या नवऱ्याला या इमारतीच्या जिन्यात जे सुनावलं ते मी इथे सांगू शकत नाही, खरंच जेवण आहे. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. सैल झालेलं आतडं आकसायला महिने लागतात. त्या मुलाला वर्ष लागलं.

या वर्षात त्याला गुरुवारी घेऊन यायचं काम आजीकडे आलं. म्हणजे शकूबाईंकडे. पहिले चार गुरुवार त्या दारात उभ्या राहिल्या. पाचव्या गुरुवारी पोरगा बाहेर बाकड्यावर गेला, तरी त्या तिथेच. म्हणाल्या, "सिस्टर, हो पोरांचाच रोग हाय का?"

ताईंनी वहीतून मान वर काढली नाही. शकूबाई मला म्हणाल्या, त्यांनी वर बघितलं असतं तर मी पलालीच असती. ताईंनी तोच प्रश्न विचारला. "तुमी कुटं कुटं जायचा सोडला?"

शकूबाईंनी एकच शब्द सांगितला. "मांडवान."

शहात्तर साली त्यांचं शेवटचं बाळंतपण घरी झालं. मूल मोठं होतं. जखम झाली, ती आपली आपण भरली, म्हणजे वरून भरली. आतला स्नायू तुटका राहिला. वाऱ्यावर ताबा नाही, पोट जरा बिघडलं की अर्ध्या मिनिटाचीसुद्धा सवड नाही. पुढच्या वर्षी एका लग्नात धवला रंगात आलेला असताना त्यांना कळलं की आता उठलं नाही तर मांडवातच सगळं होणार. त्यांनी गळ्याला हात लावला, खूण केली आणि उठल्या. धवला तुटला. लोक म्हणाले, गळा गेला. त्यांनी नाही म्हटलं नाही. आठवड्याभरानं ते मी छापलं, आणि मग नाही म्हणायची सोयच उरली नाही.

सतरा वर्षांनी ताईंनी हे ऐकलं. त्या म्हणाल्या, "बरा. बसा."

मग नातवाच्याच वहीत मागच्या पानापासून आजीची नोंद सुरू झाली. शकूबाईंना लिहिता येत नाही, पोरगा लिहायचा. काय खाल्लं, काय झालं. दोन आठवड्यांत दिसलं की सकाळी उपाशीपोटी घेतलेला कडक चहा हा मोठा शत्रू. तो गेला, इसबगोल आलं. पोट बिघडलं तर घ्यायची गोळी डॉक्टरांनी मापून दिली. आणि व्यायाम. तो स्नायू आवळायचा, दहा अंक मोजेपर्यंत धरायचा, सोडायचा. दिवसातून कितीतरी वेळा. ताईंनी मोजायला सांगितलं तर बाई म्हणाल्या, "मना मोजाया नाय जमत. ध्यान जातंय."

ताई म्हणाल्या, "धवल्याची एक ओल मनात म्हना. ओल संपस्तवर धरा."

मंडळी, याचा अर्थ लक्षात घ्या. सतरा वर्षं ज्या बाईनं ओठांवर धवला येऊ दिला नव्हता, ती भाकऱ्या थापताना, धुणं वाळत घालताना मनातल्या मनात एकेक ओळ म्हणत होती. शेजारी बसलेल्या सुनेलाही कळत नव्हतं. त्या म्हणाल्या, "एक पन ओल इसरली नव्हती."

सहा महिन्यांत फरक पडला, पण पुरेसा नाही. डॉ. दातारांनी त्यांना मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथे तपासणीत पुढच्या बाजूचा स्नायू तुटलेला स्पष्ट सापडला. पंच्याण्णवच्या जानेवारीत त्याची दोन्ही टोकं एकमेकांवर आणून शिवली. तिथल्या शल्यविशारदांनी आधीच बजावलं होतं की बहुतेकांना चांगला फायदा होतो, पण सगळ्यांना सगळं परत मिळतं असं नाही. हे वाक्य ताईंनी शकूबाईंना तीनदा ऐकवलं. खोटी आशा देणं हे त्यांना जमत नाही.

आणि आता मार्च पंच्याण्णव. मी इथे रक्तदान शिबिराची बातमी घ्यायला आलो होतो. गुरुवार होता. मी बाकड्यावर बसून नावं लिहून घेत होतो. आतून ताईंचा आवाज आला, "खोका." कुणीतरी खोकलं. "जोरानं." पुन्हा खोकलं. "काय झाला?" "नाय. काय नाय." मग ताई म्हणाल्या, "आता गा. पोटापासून गा. मना बघायचाय, किती धरतंय."

आणि मग धवला सुरू झाला.

मी नावं लिहायचं थांबलो. ड्रेसिंगचा ट्रे घेऊन जाणारी मावशी जागच्या जागी उभी राहिली. वरच्या वॉर्डातल्या बाळंतिणी कठड्याशी आल्या. त्या आवाजात जराही गंज नव्हता. मोठा, रुंद, बिनघाईचा आवाज. पन्नाशी ओलांडलेली एक बाई एका नर्सच्या खोलीत, दार लावून, आपल्या शिवलेल्या स्नायूची परीक्षा म्हणून गात होती, आणि खाली रस्त्यावरचा रिक्षावाला इंजीन बंद करून ऐकत होता. किती वेळ चाललं ते मला सांगता येणार नाही. घड्याळाकडे बघायची आयुष्यभराची सवय त्या दिवशी सुटली.

दार उघडलं. शकूबाई बाहेर आल्या. मी त्यांना ओळखलं, आणि त्याच क्षणी मला माझ्या चार ओळी आठवल्या.

मी ताईंना विचारलं, "हे काय? यांचा गळा तर..." ताई म्हणाल्या, "माझ्या तोंडातून काही निघणार नाही. त्यांना विचारा." मी विचारलं. वर्षभर विचारत राहिलो. गेल्या महिन्यात शकूबाईंनी सगळं सांगितलं. मी म्हटलं, "बाई, मी चूक दुरुस्त करतो. पहिल्या पानावर, चौकटीत."

त्या म्हणाल्या, "नको भाऊ. पेपर एकेक मानूस घरान बसून वाचतंय. मंग कोपऱ्यान कोपऱ्यान हसतान. भरल्या सभेत सांग. माज्या समोर सांग. कोनाला हसायचा तो तितंच हसंल."

मंडळी, मी सांगितलं. तुमच्यातलं कुणी हसलं नाही. त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. एकोणीस वर्षांपूर्वीची माझी बातमी चुकीची होती. शकूबाई म्हात्रे यांचा गळा गेला नव्हता. जे बिघडलं होतं त्याला औषध होतं, व्यायाम होता, शस्त्रक्रिया होती, आणि ते विचारायला फक्त एका माणसाची गरज होती.

त्या माणसाला आज आपण निरोप देतो आहोत. गोदूताई, तुम्ही चौतीस वर्षांत किती माणसं परत खुर्च्यांवर, मांडवात, एसटीत नेऊन बसवलीत, याची बातमी मी कधीही छापू शकणार नाही. कारण ती माणसं सांगणार नाहीत आणि तुम्ही तर नाहीच नाही. एवढं मोठं काम इतक्या शांतपणे होऊ शकतं, यावर माझा बातमीदार म्हणून विश्वास बसत नाही, आणि माणूस म्हणून मी थक्क आहे.

पुढच्या गुरुवारपासून खोलीत सिस्टर वल्लरी बसतील. ताईंनी त्यांना सहा महिने शेजारी बसवून शिकवलं आहे. पाटी नाही, बाकडं तेच, प्रश्न तोच. घरी कुणी असेल, लहान किंवा थोर, तर आणा. स्वतः असाल तर एकटे या.

अध्यक्ष महाराजांनी मला दहा मिनिटं दिली होती, मी त्यांची घटिका केली. संयोजकांनी बोलावलं, आपण ऐकून घेतलं, याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात एखादा शब्द कुणाच्या कानाला खुपला असेल, कुणाची भूक मेली असेल, तर वयाकडे आणि विषयाकडे पाहून पदरात घ्या. गोदूताईंना रागावू नका, त्यांनी यातल्या कुणाचंही नाव मला सांगितलेलं नाही.

आता परवा काय होणं अपेक्षित आहे, तेवढं सांगून बसतो.

शकूबाई पूर्ण बऱ्या झालेल्या नाहीत. पूर्वी अर्धं मिनिट मिळत नव्हतं, आता पाच मिनिटं मिळतात. पाच मिनिटांत मांडवातून उठून पडवीमागे जाता येतं आणि परत येता येतं. पण त्यासाठी उठावं लागतं. आणि धवला तोडायचा नाही, ही सासूबाईंची शिकवण. म्हणून नारळ तीन आठवडे कोनाड्यात होता. आज सकाळी त्यांनी धर्मराज पाटलांना घरी बोलावलं आणि कारणासकट सगळं सांगितलं. म्हणाल्या, "मी उठली तर धवला तुटंल. तुज्या पोरीचा लगीन हाय. तुला चालंल का, तू सांग."

पाटील मोठ्या आवाजाचे गृहस्थ आहेत. पण फोनवर मला त्यांचं उत्तर सांगताना ते हळू बोलत होते. ते शकूबाईंना म्हणाले, "मावशे, तू उठ. नवरा, नवरी, वाजंत्री, समदी बसून ऱ्हातील. तू येशील तवा पुढची ओल."

तेव्हा नारळ हातात घेतला गेला.

रविवारी सकाळी साडेदहा वाजता चिरनेरला धवला सुरू होईल. गोदूताई पाहुण्या म्हणून पुढच्या सतरंजीवर असतील. तो संपायला दुपारचे दोन वाजतील, असा पाटलांचा अंदाज आहे. मध्ये शकूबाई एखादवेळेस उठतील. आणि त्या परत येईपर्यंत मांडव थांबणार आहे.